दुरुस्त झालेला विटांचा प्रोग्राम नादुरुस्त ठरवण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संगणक कक्ष, सार्वजनिक वाचनालय

विषय: निकाली निघालेली तक्रार पुन्हा प्रलंबित करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज.
२) 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' हे आपले एका ओळीचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त गवंडी असून एक्केचाळीस वर्षे त्याने एकाच जोडीदाराबरोबर विटा रचल्या. भिंतीच्या एका कोपऱ्यात अर्जदार, दुसऱ्यात जोडीदार, मध्ये ताणलेली दोरी. दोघांनी आपापल्या टोकाकडून यायचे आणि शेवटची वीट मध्यावर बसवायची, अशी पद्धत होती. ती वीट कधी तासावी लागली नाही. फुगवून सांगण्याचा अर्जदाराचा स्वभाव नाही, परंतु त्या भिंतींवर पाण्याचा थेंब ठेवला तर कोणीकडे ओघळावे हे न कळून तो जागच्या जागी वाळून जात असे.

२. गेल्या वर्षी जोडीदाराला अर्धांगाचा झटका आला. पाय परत आला, उजवा हात अर्ध्या वाटेवर थांबला. डॉक्टर म्हणाले, बोटे चालती ठेवा, नाहीतर आहे तेही जाईल. वहिनींनी म्हणजे जोडीदाराच्या पत्नीने मणी ओवायला दिले, ते त्याने डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावले. मग आपल्या कक्षाने घरपोच योजनेतून त्याला टॅबलेट दिला आणि त्यात विटा रचण्याचा प्रोग्राम निघाला. मुले त्यात किल्ले बांधतात, विमाने बांधतात. या दोघांनी भिंत घेतली. सरळ भिंत. जोडीदार आपल्या घरून एका टोकाने, अर्जदार आपल्या घरून दुसऱ्या टोकाने. त्या दिवसापासून जोडीदार रोज दोन तास उजव्या हाताने विटा उचलतो आहे, आणि कोणाला सांगावे लागत नाही.

३. परंतु टॅबलेटची ऑपरेटिंग सिस्टीम एक, अर्जदाराला पुतण्याकडून मिळालेल्या जुन्या कॉम्प्युटरची दुसरी आणि विटा ज्यातून ये-जा करतात त्या आपल्या कक्षातल्या यंत्राची तिसरी. तीन सिस्टीम म्हणजे एका घरातल्या तीन जावा. एकीने ठेवलेले दुसरीला सापडेल तर शपथ. टॅबलेटवर बसवलेली खिडकी अर्जदाराकडे आभाळात लटके. अर्जदाराने वीट ठेवून चहा टाकावा, तो उकळून, गाळून, पिऊन, कप विसळून परत यावे, तेव्हा कुठे वीट पडद्यावर उतरे. सोमवारी ठेवलेली एक वीट तर गुरुवारी पडली, आणि तीही जोडीदाराच्या टोकाला. त्याचा लगेच फोन आला, "म्हाताऱ्या, रचतोस का फेकून मारतोस?"

शिवाय जोडीदाराच्या बाजूची प्रत्येक वीट एक गुंडी बाहेर बसत असे. (गुंडी म्हणजे या विटांच्या पाठीवर असतो तो गोल उंचवटा.) जोडीदार म्हणे, "माझा हात बरोबर जातोय रे. ही सिस्टीम वीट सरकवते. कर अर्ज." म्हणून अर्जदाराने अर्ज केला. असे सहा केले.

४. सहाव्या अर्जानंतर आपण दुरुस्तीवाल्या बाईंना पाठवलेत, त्याबद्दल अर्जदार ऋणी आहे. बाईंनी अर्जदाराच्या कॉम्प्युटरवर मधला एक दुभाष्या प्रोग्राम चढवला. एका सिस्टीमचे बोलणे तो दुसरीला समजावून सांगतो, असे त्या म्हणाल्या. तिन्ही यंत्रांवर विटांचा प्रोग्राम एकाच आवृत्तीचा केला. आता वीट लोण्यावरून घसरल्यासारखी जाते. खिडक्या आभाळातून खाली आल्या.

मग बाई टॅबलेट तपासून पाहायला जोडीदाराकडे गेल्या. अर्जदार बरोबर होता. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहून त्यांनी दहा विटा रचल्या, दहाही सुतात. वहिनींनी पाच रचल्या, त्याही सुतात. नंतर टॅबलेट बाहेर नेऊन जोडीदाराच्या मांडीवर ठेवला. त्याने उजव्या हाताने वीट उचलली, श्वास रोखून नेली, सोडली. एक गुंडी बाहेर. दुसरी तशीच, तिसरीही तशीच.

तो मान वर करून म्हणाला, "बाई, अजून राहिलंय तुमचं."

बाईंनी अर्जदाराकडे पाहिले. अर्जदार छताकडे पाहू लागला. छत जोडीदारानेच घातलेले आहे, त्यात काही दोष नाही. बाई म्हणाल्या, "हो काका, राहिलंय. वरच्या ऑफिसला कळवावं लागेल." जोडीदार प्रसन्न झाला. वहिनींना म्हणाला, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि चौथी वीट उचलली. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

५. यानंतर आपले संदर्भ क्र. २ चे पत्र आले. सोबत 'दोष पूर्णपणे दूर झाला' असा छापील नमुना आहे. त्यावर टॅबलेट वापरणाऱ्याची सही आठ दिवसांत न आल्यास टॅबलेट परत घेतला जाईल, असे खाली बारीक अक्षरात आहे. सदर नमुना सध्या अर्जदाराच्या ट्रंकेत, हिवाळी कपड्यांच्या तळाशी आहे. हे नियमाला धरून नाही, याची अर्जदाराला जाणीव आहे. परंतु त्यावर सही करायची म्हणजे दोष सिस्टीमचा नव्हता हे जोडीदाराने मान्य करायचे. मग तो कोणाचा, हे कळायला त्याला दुभाष्या लागणार नाही. आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी तो टॅबलेट पालथा घालील आणि हात मांडीवर ठेवून देईल. अर्जदार त्याला ओळखतो. तो रोज संध्याकाळी विचारतो, "वरून काही आलं?" अर्जदाराने आजवर पुष्कळ थापा मारल्या, त्या सगळ्या हौसेच्या होत्या. ही एक एकट्याने पेलत नाही, तिला कार्यालयाचा शिक्का लागतो.

६. सबब विनंती, की

(अ) सदर तक्रार निकाली न समजता वरिष्ठ कार्यालयाकडे प्रलंबित ठेवावी. प्रकरणे वर्षानुवर्षे पडून असतात, असे अर्जदार ऐकून आहे. आजवर त्याबद्दल त्याने नावे ठेवली, ते शब्द तो मागे घेतो.

(आ) 'दोष सिस्टीममध्येच आहे, वापर चालू ठेवावा' असे दोन ओळींचे पत्र शिक्क्यानिशी द्यावे. हे खरे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, अर्जदारालाही ठाऊक आहे. बाई व वहिनी धरून एवढ्या चौघांपुरतेच ते राहावे.

(इ) दुरुस्तीवाल्या बाईंवर कारवाई करू नये. त्यांचे काम चोख आहे, हीच तर अडचण आहे.

हात सुधारेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. सुधारला आणि जोडीदाराची वीट सुतात बसली, तर सिस्टीम त्या दिवशी दुरुस्त झाली असे समजून अर्जदार नमुना ट्रंकेतून काढून स्वतः घेऊन येईल. तोवर अर्जदार आपल्या टोकाकडून एक गुंडी बाहेर रचत आहे, म्हणजे मध्यावर भेट तरी होईल.

आपला नम्र, आणि या प्रकरणी हात टेकलेला,

(सही)
अर्जदार, निवृत्त गवंडी
दिनांक: नमुन्याच्या मुदतीचा सहावा दिवस

सोबत: १) पूर्वीच्या सहा अर्जांच्या प्रती.
२) भिंतीची दोन छायाचित्रे, एक बाईंच्या विटांचे व दुसरे जोडीदाराच्या विटांचे. दुसरे दप्तरी लावू नये.

ता. क.: पत्र जोडीदाराच्या नावे पाठवावे. पाकीट तो उजव्या हातानेच फोडतो. डिंक बेताचा लावावा.