कडी आतून लागते

प्रिय ताई,

हे पत्र हातात पडलं की आधी दार लावून घे, मग वाच. घाबरू नकोस. आई ठीक आहे, गुडघे सोडले तर. तू कुठे आहेस हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही, कारण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि भाऊजी दर थोड्या दिवसांनी येऊन तिच्यासमोर बसतात. पत्र आणणारा माणूस आमच्या दुकानाला मोबाइलचे सुटे भाग पुरवतो, तुझ्या गावातही त्याची फेरी असते. मुलखाचा अबोल, म्हणूनच त्याला निवडला. शिवणकामाच्या कारखान्याच्या दारात उभं राहायचं आणि हनुवटीवर टाक्यांची खूण असलेल्या बाईच्या हातात पाकीट द्यायचं, एवढंच त्याला सांगितलंय.

मला तुझा कारखाना कसा सापडला, असं तुला झालं असेल. सांगतो, पण क्रमाने सांगतो. घाईत सांगायला गेलो की माझी गाडी रुळावरून घसरते, तुला माहीत आहे.

दुकानात अजून तसंच चाललंय. गिऱ्हाईक नसलं की मी लोकांचा नकाशा उघडून बसतो, कुणी नवं काय घातलं, कुठे काय चुकलं ते बघत. मालक म्हणतात, “हा इथे मोबाइल दुरुस्त करायला येतो का जगाला पत्ते वाटायला?” हा नकाशा तुला मीच शिकवला. लग्नानंतर पहिल्यांदा राहायला आलीस तेव्हा आपण पायरीवर बसलो होतो. हा कुठल्या कंपनीचा नाही, आपल्यासारखेच लोक चालता चालता यात भर घालतात, असं मी म्हटलं, तर तू म्हणालीस, “म्हणजे मी लिहिलेलं खरंच कुणीतरी वाचेल?” आणि लगेच मी लिहिलेल्या गल्लीच्या नावातली वेलांटी सुधारलीस. माझी शाळा नववीतच सुटली, त्यामुळे ते मला अजून बोचतं. हे पत्रही दोनदा तपासून लिहितोय.

मी वळणं, पूल, दुकानं घालायचो. तुझं भलतंच. या बाकाला पाठ टेकायला आहे. इथे सकाळी सावली असते. हा नळ उन्हाळ्यातही चालू. या रस्त्यावर संध्याकाळनंतर दिवे नाहीत, बायकांनी मागच्या रस्त्याने जावं. आणि सार्वजनिक संडास दिसला की आत जाऊन बघायचीस आणि लिहायचीस, कडी आतून लागते. किंवा, कडी लागत नाही. भाऊजी चारचौघांत चेष्टा करायचे, “मॅडम निघाल्या कड्या तपासायला! मुकादमाची नोकरी लागलीय!” सगळे हसायचे. मीही हसायचो. तुला घराबाहेर पडायला तेवढंच निमित्त होतं, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मग एकदा भाऊजींचा फोन दुरुस्त करून द्यायला तुमच्या घरी आलो. हात धुवायला न्हाणीघरात गेलो, सवयीने दार लोटलं, तर आतल्या बाजूला कडी नव्हती. स्क्रूची भोकं रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेली आणि वरून रंग दिलेला. गंजून पडलेल्या कडीची भोकं कुणी इतकी निगुतीने बुजवत नाही. बाहेर येऊन तुझ्याकडे पाहिलं तर तू पदराने हनुवटी झाकलीस आणि विचारलंस, “जेवून जातोस ना?” मी जेवलो. भाऊजींनी आग्रहाने वाढलं.

तू घर सोडून गेल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. उलट मऊ झाले, त्याचीच मला जास्त भीती वाटते. येतात, आईच्या गोळ्या आणतात, तिच्या पायांशी बसून म्हणतात, “आई, माझं काय चुकलं तेवढं तिने येऊन सांगावं, मी नाक घासून माफी मागेन.” आई रडते. एकदा मला म्हणाली, “सोन्यासारखा माणूस रे.” मी उठून बाहेर गेलो. तिला कडीचं कधी सांगितलं नाही. तूही सांगितलं नसशील.

आणि मग एका दुपारी दुकानात एका फोनला नवी बॅटरी बसवून, तो चालतोय का बघायला त्याच्यावर नकाशा उघडला. ज्या गावाशी माझा कसलाच संबंध नाही त्या गावातल्या बसस्थानकावर कुणीतरी नवी टीप घातली होती. बाकाला पाठ आहे, सकाळी सावली असते. त्याच्याखाली, कडी आतून लागते. ताई, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मालकांनी विचारलं, “शॉक बसला का रे?” मी हो म्हणालो. तू जिवंत आहेस, चालतेस, फिरतेस, बाकावर बसून पाठ टेकतेस. मला इतका आनंद झाला की मी त्या गिऱ्हाइकाला बॅटरीचे पैसे मागायचे विसरलो.

तो आनंद फार टिकला नाही. नाव तू वेगळं घेतलंस, ते बरं केलंस. पण या नकाशावर कुणी काय आणि कधी लिहिलं ते सगळ्यांना दिसतं, आणि पुसलं तर पुसलेलंही दिसतं. तुझ्या सगळ्या टिपा मी एकाखाली एक लावल्या आणि तुझा रोजचा रस्ताच उलगडत गेला. सुरुवात शिवणकामाच्या कारखान्यापासून, त्याची सुटीची वेळ तूच दुरुस्त केलीस. पुढे पाण्याची टाकी, औषधाचं दुकान, उतार, तुटकी पायरी. मग एक गल्ली येते, तिच्यात तू काहीच लिहिलेलं नाहीस. आजूबाजूच्या प्रत्येक गल्लीत काही ना काही आहे, तेवढी एकच कोरी. तू तिथेच राहतेस. मला ते कळायला एक चहा पिण्याइतकाही वेळ लागला नाही.

म्हणून मी एक केलं. सुटीच्या दिवशी तुझ्या अगदी उलट दिशेच्या एका गावात जाऊ लागलो. नवं नाव घेतलं आणि तुझ्यासारखं लिहू लागलो. बाक, सावली, नळ, कड्या. बायकांच्या संडासाच्या दाराशी उभा राहून झाडणाऱ्या मावशींना कडीचं विचारलं, तर त्यांनी झाडू उगारला. खोटं मात्र एक अक्षर लिहिलं नाही. त्यावर विसंबून एखादी बाई आत जाईल आणि कडी लागणार नाही, हे माझ्याच्याने सहन झालं नसतं.

काल भाऊजी दुकानात आले. स्टुलावर बसले, मालकांशी क्रिकेटवर गप्पा मारल्या आणि मग स्वतःचा फोन माझ्यापुढे ठेवला. त्यावर आपला नकाशा होता. टिपा शब्द टाकून शोधता येतात हे त्यांना कुणी शिकवलं, देव जाणे. वर खिडकीत ‘कडी’ लिहिलेलं होतं. म्हणाले, “साल्या, बघ तुझ्या बहिणीचा छंद. सुटत नाही माणसाचं.” यादीत सगळ्यात नव्या टिपा वर येतात, त्या माझ्या होत्या. तुझ्या त्यांच्याखाली, अंगठा जरा सरकवला असता तर दिसल्या असत्या. तो अंगठा काचेवरच होता. मी म्हटलं, भाऊजी, हीच ती, चला, मीही येतो, मला तिथले रस्ते पाठ आहेत. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघतोय. त्यांना त्या गावात बाकाबाकावरून, नळानळावरून मला फिरवता येईल तेवढं फिरवीन. पण ते मूर्ख नाहीत. ती तिथे नाही हे कळलं की ते पुन्हा फोन काढतील आणि या वेळी यादी खालपर्यंत बघतील. माझ्याबरोबर काय करतील ते माझं मी बघून घेईन. तू त्याआधी खोली सोड, कारखानाही सोड, आणि कुठे जातेस ते मलाही कळवू नकोस. नव्या जागी न लागणारी कडी दिसली तर तुझा हात फोनकडे जाईल, मला माहीत आहे. तेवढा आवर. हे मी तुला सांगावं याची मला लाज वाटते, पण सांगतो. पत्र मिळालं असंही कळवू नकोस. मी रोज दुकानात नकाशा उघडून बघेन, आणि तुझं नवं काहीच दिसलं नाही की समजेन, मिळालं.

तुझाच,
धाकटा