आपले सदतीस

बाबा, मी निवडून आले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटतेय, कारण तुम्ही असतात तर मला उभंच राहू दिलं नसतं. इथे जर्मनीत, बॉबलिंगेनला मी गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासते. आमच्या कंपनीत नोकरदारांनी निवडून दिलेली एक समिती असते, तिला बेट्रीब्सराट म्हणतात. पाळ्या, रजा, जादा काम, यातलं काहीही मालकाला तिच्याशी बोलल्याशिवाय ठरवता येत नाही. त्या समितीवर आता तुमची मुलगी बसली आहे, भारतीय पासपोर्टसकट.

हे लिहिताना कुवेतची ती मे महिन्याची सुट्टी सारखी आठवतेय. मी दहा वर्षांची. आई आणि मी व्हिजिट व्हिसावर आलोय आणि तुम्ही मला तुमची मेस दाखवायला नेता. बांधकाम कंपनीच्या छावणीचं ते स्वयंपाकघर; तिथल्या एकेका पातेल्यात मी उभी मावले असते. दारामागे फळा. त्यावर रोज सकाळी तुम्ही खडूने लिहायचात, इंडिया इतके, बांगलादेश इतके, मग नेपाळ, फिलिपिन्स, इजिप्त. भात किती शिजवायचा, रोट्या किती, मासे किती, सगळं देशांवरून ठरायचं. तुम्ही जरा ऐटीतच म्हणालात, "या देशात इथल्यांपेक्षा बाहेरचेच जास्त, आणि बाहेरच्यांत सगळ्यांत जास्त आपण." मी विचारलं, "म्हणजे इथे आपलंच चालत असेल ना?" आचारी हसला. तुम्ही हसला नाहीत. मला तांदळाच्या पोत्यांमागे नेऊन म्हणालात, "जास्त असणं वेगळं आणि चालणं वेगळं. परक्या मुलखात तोंड फक्त जेवायला उघडायचं. पुन्हा असं बोलू नकोस."

त्याच आठवड्यात एका नेपाळी गवंड्याने भर उन्हातल्या कामाबद्दल तक्रार केली. तिसऱ्या दिवशी त्याला विमानात बसवून दिलं आणि तुम्ही फळ्यावर नेपाळपुढचा आकडा एकाने कमी केलात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मला तुमचा राग आला होता, कितीतरी वर्षं होता. आता नाही. तुम्ही बोलला असतात तर इंडियापुढचा आकडा कमी झाला असता आणि मी काही इंजिनिअर झाले नसते.

इथे आमच्या कंपनीत व्हिसावर आलेली मुलं सहसा 'नाही' म्हणत नाहीत, म्हणून शनिवारचं काम हटकून त्यांच्याच गळ्यात पडायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यावर तावातावाने बोलत होते. समितीतले एक वयस्कर तुर्की गृहस्थ शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "आल्झो, तर मग उभी राहा."

"माझा पासपोर्ट भारताचा आहे."

"पासपोर्ट कोण विचारतंय? इथे काम करतेस ना? गेनाऊ, अगदी बरोबर. तेवढं पुरतं."

माझा विश्वास बसेना. घरी येऊन नियम दोनदा वाचले. खरंच तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी पुण्याचा एक सहकारी म्हणाला, "ताई, कशाला नसती उठाठेव? आधीच ब्लू कार्डचं टेन्शन कमी आहे का?" ब्लू कार्ड म्हणजे आमचा इथे राहून काम करण्याचा परवाना. बाबा, आवाज त्याचा होता, पण बोलत तुम्हीच होतात. मी तरीही उभी राहिले.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी कोणाची मतं पडतील याची यादी करायला बसले. इंडिया सदतीस, तुर्कस्तान इतके, क्रोएशिया इतके, रुमानिया, जर्मन. निम्मी यादी झाल्यावर लक्षात आलं की मी तुमचा फळाच लिहितेय. हिशेब तर सरळ होता: आपले सदतीस, त्यातून घाबरट वजा, म्हणजे मी सपशेल आपटणार.

कँटीनमध्ये मोजणी झाली. माझ्या नावापुढे रेघा पडत गेल्या आणि सदतीस कधी मागे पडले ते कळलंसुद्धा नाही. दोनशे चौदा मतं, बाबा. चाचणी विभागातल्या एका जर्मन बाईंशी मी त्याआधी कधी धड बोललेही नव्हते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "माझेही बरेच शनिवार गेलेत." मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. समितीच्या पहिल्याच बैठकीत मी शनिवारचा विषय मांडला. महिनाभर घासाघीस चालली, पण आता कोणाचाही शनिवार त्याला विचारल्याशिवाय घेता येत नाही. मी जिंकले, आणि तोंड उघडून जिंकले. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले.

एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. मतपत्रिकेवर अकरा जणांपर्यंत फुल्या मारता येत होत्या. मी दहा मारल्या. माझ्या नावापाशी पेन थांबलं. पडद्याआड मी एकटीच होते, तरी मागे वळून पाहिलं, आणि कागदाची घडी घालून तो पेटीत टाकला. त्या दोनशे चौदांत माझं मत नाही.