एक मत विरोधात

१५ जानेवारी १९९०, सोमवार

शाळा उघडली. इतिहासाच्या पुस्तकांची पहिली चार पानं फाडा असा हुकूम — डिसेंबरपर्यंत देशावर राज्य करणारे साहेब आणि त्यांच्या बाईसाहेबांचे फोटो असलेली. पोरांनी इतक्या आनंदाने फाडली की सोबत रोमन लोकही गेले. शेवटचा, साहेबांच्या कारकिर्दीचा धडाही शिकवायचा नाही म्हणे. मग शिकवू काय? उत्तर आलं, "मधलं शिकवा."

"कॉम्रेड" म्हणायचं नाही, हे सहावीला मीच बजावलं. आणि वर्गाबाहेर पडल्या पडल्या हाक मारली — "कॉम्रेड पॉम्पिल्यू!" तो कवायत शिकवतो. सवयीने त्याने टाचा जुळवल्या. पोरं खिडकीतून बघत होती.

मुख्याध्यापक आजारी आहेत. बरोबर बावीस डिसेंबरपासून, साहेब पळाले त्या दिवसापासून.

१७ जानेवारी

मुख्याध्यापक आता शिक्षकांनीच निवडायचा. ओतिलियाचं नाव पुढे आलं. माझी बायको म्हणून सांगत नाही, पण सतरा वर्षं ही शाळा तीच चालवते आहे. खुर्चीत बसले दुसरेच. तिचा भाऊ दॅन्यूब नदी पोहून सरहद्दीपलीकडे पळाला आणि तेव्हापासून हिच्या फायलीवर शेरा पडला — वर घेऊ नये. ती त्याबद्दल कधी बोलत नाही. पण आज सकाळी निळ्या ड्रेसला दोनदा इस्त्री केली.

सभेत रसायनाच्या अग्लायाबाई उठल्या. "तर मी असं सुचवते की —" एवढंच म्हणाल्या आणि बावीसच्या बावीस हात वर. नाव अजून घ्यायचं होतं! ओतिलियाचा स्वतःचाही हात वर. माझा तर अग्लायाबाई उठल्या तेव्हाच गेला होता.

१९ जानेवारी

जिल्ह्याहून तपासनीस बुर्लाकू आले. निकालाचा कागद पाहून कपाळाला हात लावला.

"बावीसपैकी बावीस? अहो, असले आकडे मी वीस वर्षं वर पाठवले. आता कोणाला दाखवू? क्रांती झाली आहे, जरा तसं दिसू द्या की."

मतदान पुन्हा, मंगळवारी, गुप्त. तेव्हाही शंभर टक्के आले तर ते स्वतःच माणूस पाठवणार. तो माणूस कोण, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. भिंतीवरचे फोटो सरळ टांगलेत की नाही, हे बघायला जो यायचा तोच.

ओतिलियाने घरी आल्यावर निळा ड्रेस कपाटात टांगला. जेवली नाही.

२२ जानेवारी

शिक्षकांच्या खोलीत दीड तास खल. एक तरी मत विरोधात हवं. दोन-तीन असती तरी चाललं असतं, पण मग सगळेच धीट झाले तर ती पडायची. म्हणजे एकच, आणि ठरवून. देणार कोण?

पॉम्पिल्यू म्हणाला, "मला दोन मुली आहेत." अग्लायाबाई म्हणाल्या, "मला ब्लडप्रेशर आहे."

मी म्हटलं, "अहो, मत गुप्त आहे."

"त्याचीच तर भीती वाटते," अग्लायाबाई म्हणाल्या. "या देशात गुप्त गोष्ट कोणाला कळली नाही, सांगा बरं."

शेवटी पॉम्पिल्यूच्या केसाळ टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. फुलीची चिठ्ठी मला आली. सगळ्यांचे चेहरे एकदम खुलले. "बरं झालं, घरातल्या घरात मिटलं!"

ओतिलिया हसली. "दे की. घरात सतरा वर्षं विरोधातच आहेस." मग घरी येताना बसस्टॉपवर विचारलं, "देशील ना पण नक्की?" देईन म्हटलं. बस येईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती.

२३ जानेवारी

मतपेटी माळ्यावर सापडली. किल्ली नाही. कोणालाच आठवेना किल्ली कोणाकडे असते. मग लक्षात आलं, ही पेटी आजवर कधी उघडावीच लागली नव्हती. निकाल तयारच यायचा. पॉम्पिल्यूने हातोडीने कुलूप फोडलं.

कागदावर दोन शब्द, मान्य आणि अमान्य. एक खोडायचा. आडोशाला टांगलेल्या नकाशाच्या मागे उभा राहून मी पेन्सिल हातात धरली आणि हात काही हलेना. सतरा वर्षं कोण कुठले लोक हिच्या नावावर काट मारत आले. आता मीही मारू? नाही जमलं. "अमान्य" खोडलं. घडी घालून पेटीत टाकलं आणि मग लक्षात आलं. मीच बुडवलं तिला! बावीसपैकी बावीस येणार, आणि फोटोवाला सोमवारी खुर्चीत.

बुर्लाकूंनी मोजलं. मान्य एकवीस. अमान्य एक.

"एक!" बुर्लाकूंना केवढा आनंद. "बघा, किती छान दिसतं."

ओतिलिया मुख्याध्यापिका झाली. सगळे टाळ्या वाजवत होते, माझ्याकडे बघून. मीही वाजवल्या. पण ते एक मत कोणाचं?

२५ जानेवारी

मी शाळेचा विरोधी पक्ष झालो आहे. पॉम्पिल्यूने पाठ थोपटली, "छाती लागते, सर." भूगोलाच्या बाई कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, नव्या मुख्याध्यापिकांनी वेळापत्रक वाईट लावलंय, तुम्हीच आवाज उठवा. अग्लायाबाईंनी स्टोव्हची तक्रार माझ्याकडे दिली. लेखी, आणि सही न करता.

खोटं कशाला लिहू, बरं वाटतंय. सत्तावीस वर्षं मास्तरकी केली, पहिल्यांदाच लोक मला धाडसी म्हणताहेत. तेही न केलेल्या कामासाठी.

२७ जानेवारी

घरी मात्र थंडी. ओतिलिया मोजकं बोलते. आज रविवारचा स्वयंपाक शनिवारीच केला आणि शेजारणीकडे निघून गेली. मी एकटाच गार ममलीगा, मक्याच्या पिठाचा सांजा, खात बसलो, दगडासारखा झाला होता.

जाताना दारात म्हणाली, "मला काही सांगायचंय का तुला?"

नाही म्हटलं. काय सांगू? मी दिलं नाही म्हटलं की ती विचारणार, मग कोणी दिलं? आणि मग रोज त्या खोलीतले वीस चेहरे न्याहाळत बसेल. सतरा वर्षांनी खुर्ची मिळाली, ती तरी सुखाने बसू दे. त्यापेक्षा माझ्यावर रागावलेली परवडली.

३० जानेवारी

यादी केली. वीस नावं. प्रत्येकापुढे — त्या दिवशी कसा दिसत होता, ओतिलियाशी कधी वाजलं होतं, पेन्सिल कुठल्या हातात धरतो. पॉम्पिल्यूपुढे लिहिलं, "टाळ्या उशिरा वाजवल्या."

वाचून पाहिलं. असल्याच कागदापायी हिची सतरा वर्षं गेली. स्टोव्हमध्ये टाकला. स्टोव्ह खरंच धूर करतो, अग्लायाबाईंचं बरोबर आहे.

२ फेब्रुवारी

दुकानात संत्री आली. रांगेत दोन तास. ओतिलियासाठी चार आणली. तिने सोलून तीन मला दिली आणि पुन्हा तेच — "काही सांगायचंय?" संत्री गोड आहेत म्हटलं. उठून गेली.

५ फेब्रुवारी

सहावीत एका मुलीने हात वर केला. "सर, डिसेंबरात तुम्ही आम्हाला दुसरंच सांगत होतात. तेव्हा खोटं बोलत होतात की आता?"

मी म्हटलं, "तेव्हा." मग खडू उचलला, पण काय लिहायचं होतं ते आठवेना. ती मुलगी वहीत ते लिहून घेत होती. "तेव्हा" म्हणून मोकळा झालो, पण पुरतं खरं तेही नव्हतं. न दिलेल्या मताचं खोटं तर आताचंच आहे.

६ फेब्रुवारी

ओतिलिया चोर्बा, आमचं आंबट सूप, ढवळत होती. सांगून टाकलं — मी तुझ्या बाजूनेच मत दिलं होतं.

तिने चव घेतली, मीठ घातलं. "ठाऊक आहे. तुझ्याच्याने होणार नाही हे त्या बसस्टॉपवरच कळलं होतं. म्हणून विरोधातलं मी टाकलं. चौदा दिवस वाट बघतेय, कधी खरं बोलतोस."