बोट, कोट आणि तुझा राहिलेला डाव

स्वस्ति श्री सकलसेतुनिर्माणकलाविशारदा, लोहस्तंभमर्दिनी, पत्रोत्तरपराङ्मुखी, दूरध्वनिविमुखी, प्रातःस्मरणीया (कारण या घरात सकाळी दुसऱ्या कुणाचे स्मरण करण्याची सोयच उरलेली नाही), अस्मत्कुलकनिष्ठकन्या टिचकीबाई यांस, भोजनाच्या टेबलाच्या भिंतीकडील खुर्चीत स्थानबद्ध असलेल्या ज्येष्ठ बंधूचे अनेक उत्तम आशीर्वाद आणि तितक्याच उत्तम प्रकारे वटारलेले डोळे.

प्रिय टिचके,

मी वजनमापे तपासणारा माणूस आहे. दुकानदाराचा तराजू केसभर झुकला तरी माझ्या कपाळावर आठी उमटते, हे तुला ठाऊक आहेच. अशा काटेकोर पुरुषाला हल्ली रोज कचेरीत उशिरा पोहोचावे लागते आणि विलंबाचे कारण लेखी द्यावे लागते. प्रारंभी मी ‘कौटुंबिक’ असे भारदस्त लिहीत असे. परवा साहेबांनी बोलावून विचारले, “अहो, कौटुंबिक म्हणजे नक्की काय?” मी वैतागून खरे तेच सांगितले, “साहेब, घरी बकरी अडली आहे.” तेव्हापासून ते मला रोज मोठ्या आत्मीयतेने विचारतात, “सुटली का हो?” त्यांचा समज असा झाला आहे की मी परसात पशुपालन करतो. हा अपसमज मी दूर केलेला नाही, कारण सत्य सांगितले तर ते मला रजेवर पाठवतील.

सत्य तुला सांगतो. आपला खेळ तुला ठाऊक असूनही सविस्तर लिहितो, कारण तू विसरल्याचे सोंग घेण्यात निष्णात आहेस. सकाळचा चहा-पाव झाला की आई इंग्रजी शब्द टाकणार. मी त्याच्याशी यमक जुळणारा शब्द अर्थासकट द्यायचा, त्यानंतर तू तिसरा द्यायचा. नुसता शब्द दिला की आई म्हणायची, “ही टाळी झाली. अर्थ कुठाय?” क्रम आई, मी, तू. तुझा डाव दुसऱ्याने खेळायचा नाही. उत्तर आपापल्या खुर्चीत बसून द्यायचे. मोरीतून दात घासता घासता ओरडलेले धरले जाणार नाही (हे कलम केवळ तुझ्या पराक्रमामुळे घालावे लागले). आणि शेवटचे, आजच्या सर्व अनर्थाचे मूळ असलेले कलम, फेरी पुरी झाल्यावाचून कुणी टेबलावरून उठायचे नाही. असली राज्यघटना जगातील कोणत्याही राष्ट्राला पेलली नसती. आपण दोघे तिच्यावर वाढलो आणि इंग्रजीत बरे निघालो, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

गेल्या आजारपणानंतर आईच्या स्मृतीची स्थिती मी फोनवर तुला सांगितली होती. तू “अरे रे” म्हणून तिकडच्या हवेविषयी बोलू लागलीस. ती मला कधी मामाच्या नावाने हाक मारते, तुझ्या वहिनीला “तुम्ही कुणाकडे आलात?” असे अगत्याने विचारते. चष्मा फ्रीजमध्ये आणि लोणी औषधांच्या पेटीत, हा तर नित्यक्रम. तथापि खेळ अभंग आहे. चहाचा कप खाली ठेवते, पदर सारखा करते आणि वर्गावर जायच्या त्या जुन्या आवाजात म्हणते, “बोट. म्हणजे नाव.” मी म्हणतो, “कोट. म्हणजे अंगरखा.” ती मान डोलावते. मग तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे वळते आणि थांबते.

थांबते म्हणजे थांबतेच. ती चिडत नाही, रडत नाही. बुद्धिमान पण आळशी विद्यार्थिनीकडे पाहावे तशा प्रसन्न चिकाटीने त्या खुर्चीकडे पाहत राहते. मी म्हणालो, “आई, दुसरा शब्द टाक ना.” ती म्हणाली, “हा पुरा होऊ दे आधी.” दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट. तिसऱ्या दिवशीही बोट. आता मला स्वप्नातसुद्धा अंगरखा घालून नावेत बसल्यासारखे होते.

आम्ही उपाय केले नाहीत असे समजू नकोस. तुझी वहिनी तुझ्या खुर्चीत बसून स्पष्टोच्चारात म्हणाली, “गोट. म्हणजे बकरी.” आईने कौतुक केले, “अगदी बरोबर. पण तुझा नंबर नव्हता. ऊठ बघू, ती येईल.” आईचे पाय चोळायला येणाऱ्या नर्सबाईंनी ‘नोट’ दिला, त्यांना शाबासकी मिळाली आणि खुर्ची सोडण्याचा हुकूमही. शेजारचे निवृत्त औषधविक्रेते मदतीला धावले आणि ‘व्होट’ म्हणून विजयी मुद्रेने मिशी पिळू लागले. आईने त्यांना बाहेरच्या वर्गातला मुलगा समजून दार दाखवले. ते अद्याप रुसलेले आहेत. अखेरीस मी स्वतः, या वयात, या देहयष्टीनिशी, पडद्यामागे उभा राहून तुझ्यासारख्या पातळ आवाजात “गोट, बकरी!” असे किंचाळलो. आई शांतपणे म्हणाली, “दादा, घसा बसलाय तुझा. वाफ घे.” तुझ्या वहिनीने मला खरोखरच वाफ घ्यायला लावली. फोनचा आवाज मोठा करून तुझ्याकडून उत्तर वदवून घ्यावे, असाही विचार मनात आला. परंतु मोरीचे कलम आड येते. मोरीतले जिने धरले नाही, ती फोनमधले काय धरणार?

तू म्हणशील, बसू दे की तिला बसायचे तर. हेच तर मलाही वाटत होते. परंतु तिच्या पायांवर सूज चढली आहे. डॉक्टरीणबाईंनी बजावले आहे की न्याहारीनंतर गच्चीवर चालणे झालेच पाहिजे, एके जागी असे तासन्‌तास बसणे तिच्या पायांना आणि हृदयाला मुळीच परवडणारे नाही. हे आईला सांगितले की ती म्हणते, “डाव अर्धा टाकून उठू? मीच?” या ‘मीच’पुढे आयुर्विज्ञान हतबल आहे. तिला उठवणारी एकच शक्ती आजवर शिल्लक होती, ती म्हणजे समोरच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा. ती वाजली की आई, “चला, तास संपला,” म्हणून टेबलाला हात टेकून उभी राहते. तोवर मी तिला एकटी सोडून जाऊ शकत नाही. ती उठली की कचेरीकडे पळतो. आता पुढच्या आठवड्यात शाळेला मोठी सुट्टी लागते आहे. रविवारी तालीम म्हणून मी स्वयंपाकघरात ताटावर पळी बडवून पाहिली. आई म्हणाली, “ते ताट आहे रे. घंटेचा नाद वेगळा असतो.” त्या दिवशी ती बसल्या जागी डुलकी लागेपर्यंत बसली आणि नंतर तिला उभे करताना तिचा पाय टेकेना. तुझी वहिनी मोठी धीराची, पण त्या दिवशी न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ आत होती.

मध्येच आठवले म्हणून लिहितो. एकदा आईने ‘स्पून’ टाकला होता, मी ‘मून, चंद्र’ दिला, आणि तुला काहीच सुचेना म्हणून तू ‘झून’ असे ठोकून दिलेस. आईने भुवया उंचावल्या, “झून म्हणजे?” तू म्हणालीस, “चंद्र वाढायचा चमचा.” आई तडक स्वयंपाकघरात गेली. तिथून जो आवाज आला तो मला प्रथम भांडे पडल्याचा वाटला. ती हसत होती. बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाली, “धरला.” माझा एकही खोटा शब्द तिने आयुष्यात धरलेला नाही. मत्सर नव्हे, केवळ नोंद.

आता हे पत्र कशासाठी. काल मी त्रासून तिला विचारले, “आई, रोज बोटच का?” ती म्हणाली, “तोच चाललाय ना डाव. टिचकी उठून गेली मध्येच.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिने तुला न विचारता स्वतःच्या शाळेत तुझी नोकरी ठरवून टाकली होती, आणि तू पूल बांधणाऱ्या कंपनीचे नेमणुकीचे पत्र पावाच्या बशीशेजारी ठेवले होतेस. तू घर सोडलेस त्या सकाळचा शब्द बोटच होता. मी कोट म्हणालो होतो. तू खुर्ची मागे ढकललीस आणि आई म्हणाली, “उठलीस तर तुझा डाव गेला.” तू उठलीस. ते वाक्य तू बरोबर घेऊन गेलीस, हे तुझ्या फोनवरच्या हवामानवृत्तांतावरून मला केव्हाच कळले आहे. म्हणून काल मीही ताणून धरले. म्हटले, “आई, उठली तर डाव गेला, असं तूच म्हणालीस तिला.” तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी तराजूत काटा मारताना सापडलो. “मी? असं कसं म्हणेन मी? हात धुवायला गेलीय ती. येईल.” ती खरोखर विसरली आहे की बोललेला शब्द मागे घेण्याची तिला हीच एक रीत ठाऊक आहे, याचा निवाडा मी करणार नाही, माझे खाते वजनमापांचे. तुझा डाव गेलेला नाही, एवढे मात्र शपथेवर सांगतो. सुट्टी लागण्यापूर्वी ये. नोकरी सोडू नकोस, माफी मागू नकोस, काहीही समजावू नकोस. आपल्या खुर्चीत बैस, एक बकरी दे, अर्थासकट, आणि आईला हात धरून उठव.

तुझाच,
वाफ घेतलेला,
दादा

ता. क. : तुझ्या खुर्चीचा मागचा पाय तू रेलून रेलून मोडकळीला आणला होतास, तो आता पुरता डुगडुगतो. खाली पुठ्ठ्याची घडी घालतो, ती रोज निसटते. सुतार म्हणतो, “दुकानात आणून टाका, घरी येऊन होणार नाही.” आई म्हणते, “खुर्ची घराबाहेर जाणार नाही, ती आल्यावर बसेल कुठे?” सुतार तिकडे अडून, आई इकडे अडून, आणि मध्ये मी पुठ्ठा हातात घेऊन टेबलाखाली.