स्टेकवरची आईची चटणी

११ मार्च २००७, रिकार्टन
ट्रिशने नवा ब्रेकफास्ट माझ्यावर सोपवलाय. स्टेक, दोन अंडी, वर हिरवी साल्सा, म्हणजे मेक्सिकन चटणी. बाटलीतली नाही, स्वतः केलेली. जमलं तर मेनूवर, आणि मी कॅफेचा हेड कुक. "नो प्रेशर," म्हणाली. मालकीणबाई असं म्हणतात तेव्हाच प्रेशर असतं.
आईला साताऱ्याहून इकडे परदेशात येऊन तीन आठवडे झाले. मी हॉटेलात मॅनेजर आहे असं तिला वाटतं. बाबा तर अख्ख्या गल्लीला सांगतात. चार वर्षं फोनवर मीच सांगतोय. ग्रिलवर उभा असतो हे आता कोणत्या तोंडाने...

१३ मार्च
साल्सा दोनदा फसली. मेक्सिकन हिरवे टोमॅटो इथे मिळत नाहीत, डब्यातले आंबटढाण. घरी वैतागून बसलो होतो. आई म्हणाली, "मागच्या अंगणात एवढे कच्चे टोमॅटो लटकलेत. इथे मार्चातच थंडी सुरू, पिकतायत थोडेच."
गॅसवर भाजले तिने, साल काळी पडेपर्यंत. मिरची, लसूण, कोथिंबीर, दाण्याचं कूट, गुळाचा खडा. चमचाभर चाखली नि लगेच दुसरा चमचा भरला.
"कशासाठी हवी रे?"
"कॅफेत. नाश्त्याला."
अर्धं खरं.

१४ मार्च
दाणे वगळले (अ‍ॅलर्जीवाली गिऱ्हाइकं असतात), लिंबू वाढवलं. स्टेक आधीच फ्रिजबाहेर. कोरडा पुसला, मीठ. पॅनमधून धूर निघाल्यावरच टाकला, मग अजिबात डिवचला नाही. उलटल्यावर लोणी. तो बाजूला विसावेपर्यंत त्याच पॅनमध्ये अंडी: कडा जाळीदार, बलक पातळ. वर साल्सा.
ट्रिशने उभ्यानेच संपवलं. चटणी कोणाची? म्हटलं, माय मम. "शनिवारी घेऊन ये तिला. स्वीट अ‍ॅज!" म्हणजे इथलं 'एकदम झकास'.
म्हणजे आता सांगणं आलं.

१५ मार्च
सांगितलं. चहा उकळत होता. मॅनेजर नाही, कुक आहे. तुझी चटणी मांसावर घालतो.
"कसल्या?"
"गाईच्या."
तिने गॅस बंद केला. चहा तसाच राहिला. जेवताना पोळी मात्र तव्यावरून थेट ताटात येत राहिली.

१६ मार्च
संध्याकाळी एकदम म्हणाली, "मांसाचं मी माझं बघून घेतलं असतं. खोटं का बोललास, सुहास? चार वर्षं?"
मी बाही मनगटावर सारत राहिलो. मग तिने माझा हात ओढून घेतला, मनगटावरचे चटके बघत बसली. हा कधीचा? नि हा? एकेकाचं सांगितलं. एक पहिल्याच आठवड्यातला, तेव्हा फोनवर म्हणालो होतो की मजेत आहे. पदर डोळ्याला लावला तिने. मी सिंकमधली भांडी घासायला घेतली. दिसेना काही.

१७ मार्च, शनिवार
आली! सुती साडी, वर माझं फ्लीसचं जॅकेट. किचनकडे तोंड करून बसली. टोस्टला चटणी लावून खाल्ली. मी एकामागून एक स्टेक-अंडी काढत होतो. मधेच मान वर केली तर ही माझ्याकडेच बघतेय, गॅदरिंगला पोराचा नंबर आल्यासारखी. ट्रिश म्हणाली, "किया ओरा, मम." इथला नमस्कार. आईने हात जोडून ठणठणीत "किया ओरा" परत केलं.
जाताना मला: "मीठ हलक्या हाताने टाक जरा. बाकी घाई करत नाहीस, ते बरं."
वास सहन झाला का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

२५ मार्च, रविवार
हेड कुक झालो! दुपारी बाबांचा फोन. आईने सांगून टाकलं, "प्रमोशन झालं त्याचं." बाबा खूश. आता हाताखाली किती माणसं, विचारायला लागले. आमच्या घरात बाबांनी कधी अंडंसुद्धा येऊ दिलेलं नाही.
आईने फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं उठून आत जाईल. गेली नाही, शेजारीच बसली. "बोल. मी आहे."
"बाबा, मी मॅनेजर नाहीये."
तिकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.
"ऐकतोय," बाबा म्हणाले. "सांग."