हनुवटीवरचं बोट

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (शिर सध्या डावीकडे वळलेलं आहे, तेव्हा नमस्कार शेजारच्यांकडे गेला असल्यास तिथून मागून घेणे.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की आता घरचाच झाला?

माझी मान वर्षभर आपोआप डावीकडे वळते, हे तुला ठाऊक आहेच. डॉक्टरीणबाई म्हणतात, मेंदू मानेच्या स्नायूंना भलतेच हुकूम सोडतो. इंजेक्शनांनी थोडा आराम पडतो. पण गंमत अशी, की हनुवटीला नुसतं बोट टेकवलं तरी मान शहाण्यासारखी सरळ होते. जोर लावावा लागत नाही. बोट काढलं की थोड्या वेळाने पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

आता आपला धंदा पडला फोटो स्टुडिओचा. गिऱ्हाइकांना 'मान सरळ' म्हणणारा मी स्वतः दरवाज्याकडे बघत असतो. म्हणून डावं बोट हनुवटीला लावून उजव्या हाताने कॅमेरा चालवायला लागलो. परवा एका शाळेतले झाडून सगळे मास्तर ओळखपत्राच्या फोटोसाठी आले. पहिल्या मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलंही बोट हनुवटीला लावलं. त्यांना वाटलं, असंच बसायचं असतं. मागच्यांनी पुढच्यांचं बघून तेच केलं (मास्तर झाले तरी कॉपी काही सुटत नाही). मला हे बोट इतकं अंगवळणी पडलंय, की एकाही फोटोत खटकलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळे फोटो परत पाठवले. त्यांना शिक्षक हवे होते, विचारवंत नकोत. तुझी भावजय हसून हसून स्टुडिओतल्या स्टुलावरून खाली आली.

असो. भाचीच्या लग्नाला येणं मात्र जमेलसं वाटत नाही. काम फार आहे.

तुझा, वाकडा पण तुझाच,
धाकटा

ता. क. कामबीम काही नाही. घरच्या फोटोत सगळे समोर बघणार आणि मी एकटा भलतीकडे, याची मला लाज वाटते. पण भाचीने फोनवर बजावलंय, "मामा नाही, तर फोटो नाही."

ता. ता. क. मानेमागे कुणी तळवा ठेवला तरी मान सरळ राहते, हे काल कळलं. तुझी भावजय तर फोटो काढायला कॅमेऱ्याशी असेल. लहानपणी भांग पाडताना तू माझी मान धरायचीस, आठवतं? फोटोत माझ्या मागे उभी राहशील का? हात नुसता ठेवायचा. दाबायचा नाही. तू दाबतेस.