केतकीला न सांगितलेली सुई

३ नोव्हेंबर
आम्हा दोघी जावांना आज डॉक्टरीणबाईंनी एकदमच सांगितलं — डांग्या खोकल्याची लस घ्या, आत्ताच. जन्मल्यावर बाळाला लगेच देता येत नाही, तोवर आईकडून मिळेल तेच.
घरी केतकीने विचारलं, तर सासूबाई — "धनुर्वाताचं टीटी झालं ना? बस झालं. पोटातल्या जीवाला आणखी सुया नक्को!"

४ नोव्हेंबर
जिन्यात केतकीने हात धरला. "अक्का, तुम्ही घेणार असाल तर मी पण घेते. आईंशी दोघी मिळून बोलू." मी म्हटलं — छे, मी नाही घेणार. त्यांना कशाला दुखवायचं?
वाईट बनायची हिंमत नव्हती. एवढंच.

९ नोव्हेंबर
घेतली! दुपट्यांचं कापड आणते म्हणून सुलतान बाजारला निघाले, वाटेत दवाखान्यात गेले. नवऱ्याला, गौतमलाही सांगितलं नाही.
घरी आल्यावर केतकीला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई शेजारच्या प्रमिलाबाईंना म्हणाल्या, "आमची त्रिवेणी समजदार. उलटून बोलत नाही." मी गप्प. वर बरंही वाटलं! शी.

१० नोव्हेंबर
दंड ठणकतोय. केतकीसमोर मुद्दाम त्याच हाताने कुकर उचलला.

२ डिसेंबर
केतकीला मुलगी! डोकंभर जावळ.
आता तिला सांगून काय उपयोग — असं मनाशी म्हटलं. किती सोयीचं.

५ जानेवारी
पोरगी खोकता खोकता निळी पडली. श्वासच घेईना. दीर गाडी काढेपर्यंत केतकी अनवाणीच रस्त्यावर. सिकंदराबादला दाखल केलं. डांग्या खोकलाच.
डॉक्टरांनी विचारलं, "पोटात असताना लस नाही घेतली?" केतकीने माझ्याकडे बघितलं. "नाही. अक्कांनी पण नाही घेतली."
मी पदर सारखा करत बसले.

७ जानेवारी
पोरीच्या नाकात नळी. सासूबाई जेवत नाहीत. "माझ्याच तोंडून 'नको' निघालं," म्हणून रडतात. त्यांच्या पाठीवरून हात फिरवते मी. मी! सगळा दोष त्यांच्या एकटीवर टाकून.

१६ जानेवारी
पोरगी घरी आली. वाळलीय, पण दूध ओढते. देवा.

१७ जानेवारी
दुपारी पोरगी माझ्या मांडीवर होती. केतकी जवळ बसली, हळूच म्हणाली, "अक्का, तुमचे दिवस अजून भरले नाहीत. उद्या आपण दोघी जाऊ, तुम्ही सुई घ्या. आईंचं मी बघते. माझ्यासारखं तुमचं नको व्हायला."
"घेतलीय मी. नोव्हेंबरात."
तिने दोन्ही हात पुढे केले.
"माझी मुलगी द्या इकडे."